बोजा बँकेचा, गुन्हा चालकाचा

अहिल्यानगर जिल्ह्यात रस्त्यावरच्या गाडीला बहुधा दोन धनी असतात. एक स्टिअरिंगमागे बसतो आणि दुसऱ्याचे नाव आरसीवर बोजा म्हणून चढलेले असते. हा दुसरा धनी कधी राष्ट्रीयीकृत बँक असते, कधी चेन्नई-मुंबईची फायनान्स कंपनी, तर कधी गावातलीच पतसंस्था. गाडी सुपा किंवा नागापूर एमआयडीसीतल्या एखाद्या अधिकाऱ्याची असेल, तर लीज कंपनी. अशा गाडीचा चालक नशेत सापडून गाडी पोलीस ठाण्यात गेली की दोन मते ठासून मांडली जातात. पहिले ढाब्यावर ऐकू येते : गाडी फायनान्सची आहे, पोलिसांना ती ठेवताच येत नाही, ठेवलीच तर बँक बघून घेईल आणि तोवर हप्ताही थांबला. दुसरे मत एखाद्या भीषण अपघातानंतरच्या संतापातून येते : दारू पिऊन चालवणाऱ्याची गाडी थेट सरकारजमा करा, मालक कोणी का असेना. ही दोन मते एकमेकांच्या विरुद्ध टोकांची वाटतात, पण त्यांतली चूक एकच आहे. दोन्ही गाडीच्या मालकीभोवती फिरतात. मोटार वाहन कायदा विचारतो तो ताबा कोणाचा होता आणि चालवत कोण होते एवढेच.

पहिल्या मताचा सगळा भार 'गाडी बँकेची' या दोन शब्दांवर आहे. साध्या वाहनकर्जात तेही खरे नाही. तिथे गाडी कर्जदाराची असते आणि बँकेकडे ती तारण असते. भाडेखरेदीत शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी फायनान्स कंपनीकडे राहते. लीजच्या मुदतीत ती बदलतच नाही. मुदत संपली की गाडी परत जाते किंवा ठरलेल्या किमतीला विकत घेता येते. करारांच्या जगात हे फरक मोठे आहेत. रस्त्यावर मात्र १९८८च्या मोटार वाहन कायद्याने ते पुसून टाकले आहेत. कलम २(३०)मधल्या व्याख्येनुसार गाडी भाडेखरेदी, लीज किंवा तारणाच्या कराराखाली असेल, तर त्या कराराने जिच्या ताब्यात ती आहे ती व्यक्तीच 'मालक'. कलम ५१ खाली आरसीवर होणारी बोज्याची नोंद सावकाराचे पैसे सुरक्षित करते. तिने रस्त्यावरची जबाबदारी सावकाराकडे जात नाही. अपघाताच्या नुकसानभरपाईसाठी फायनान्स कंपनीला मालक ठरवण्याचा प्रयत्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तिथे तो टिकला नाही : २००८ मध्ये गोदावरी फायनान्सच्या प्रकरणात, पुढे एचडीएफसी बँक विरुद्ध रेश्मा या खटल्यातही. म्हणजे ज्या बँकेच्या भरवशावर ढाब्यावरची बढाई मारली जाते, ती बँक या प्रसंगात कायद्याने बाहेरची आहे.

आता पोलिसांना गाडी ठेवता येते का, हा प्रश्न. इथे ढाब्यावरच्या मताच्या पदरात थोडे सत्य आहे, पण ते भलत्याच कारणासाठी. कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले की गुन्हा होतो. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही. हा गुन्हा जागच्या जागी तडजोड करून मिटणाऱ्यांच्या यादीत नाही, त्यामुळे ई-चलानच्या यंत्रावर तो संपत नाही. कोर्टाची पायरी चढावीच लागते. गणवेशातला पोलीस अधिकारी चालकाला वॉरंटशिवाय अटक करू शकतो, मात्र अटकेपासून दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हावी लागते, नाहीतर त्याला सोडावे लागते. गाडी अडकवून ठेवण्याचा स्पष्ट अधिकार कलम २०७ मध्ये आहे, पण त्या कलमात लायसन नसणे, नोंदणी नसणे, परमिट नसणे असे प्रकार येतात. दारूचा उल्लेख नाही. कलम २०२ चालकाला अटक झाल्यावर गाडीची तात्पुरती सोय लावण्यापुरते बोलते. तेलंगण उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हेच धरून सांगितले की निव्वळ दारू पिऊन चालवल्याच्या प्रकरणात पोलिसांनी गाडी जप्त करू नये. सोबत शुद्धीतला लायसनधारक असेल तर त्याच्याकडे द्यावी, नसेल तर नातेवाइकाला बोलवावे, कोणीच आले नाही तर सुरक्षित ठिकाणी ठेवावी आणि कागदपत्रे दाखवणाऱ्याला परत करावी. हा निकाल महाराष्ट्रावर बंधनकारक नसला तरी त्याचा तर्क कायद्याच्या शब्दांतूनच निघतो.

या सगळ्यात फायनान्सचा संबंध शून्य आहे. रोख पैसे मोजून घेतलेल्या गाडीलाही हाच नियम लागू होतो. नशेतल्या माणसाच्या हातात किल्ली परत द्यावी, असे तर कोणतेच न्यायालय म्हणत नाही. नाकाबंदीत अडवलेल्या गाडीच्या आरसीवर बोजा दिसला म्हणून हवालदाराचे हात बांधले जात नाहीत, आणि तोफखाना किंवा कोतवाली ठाण्याच्या आवारातून बँकेचा माणूस रात्री येऊन गाडी काढून नेत नाही. बँकेला ती गाडी तिथे आहे हे बहुधा हप्ता चुकल्यावरच कळते.

अपघात झाला, कोणी जखमी झाले किंवा मेले, की प्रकरणाचे रूप पालटते. गाडी आता मुद्देमाल असते. जप्ती पंचनामा होतो, मोटार वाहन निरीक्षक ब्रेक-स्टिअरिंग तपासून अहवाल देतो, आणि गाडी परत मिळवायची तर न्यायदंडाधिकाऱ्यापुढे अर्ज करावा लागतो. १ जुलै २०२४ पूर्वी हा अर्ज फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४५१ किंवा ४५७ खाली होत असे. आता तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ किंवा ५०३ खाली होतो. कोर्ट सरकारी वकिलांचा 'से', म्हणजे म्हणणे, मागवते, हमीपत्र घेते आणि सुपुर्दनाम्यावर गाडी देते. अटी ठरलेल्या असतात : विकायची नाही, रंगरूप बदलायचे नाही, बोलावल्यावर हजर करायची. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात बजावले होते की वाहने ठाण्यात सडत ठेवण्यात कोणाचेच हित नाही. फोटो काढा, पंचनामा करा, बंधपत्र घ्या आणि द्या. नव्या संहितेने त्याला दिवसांची मोजपट्टी लावली : मालमत्ता कोर्टापुढे आल्यापासून १४ दिवसांत तिचे विवरण आणि त्यानंतर ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश. पोलीस ठाण्यांच्या कुंपणालगत गवतात रुतलेल्या गाड्या पाहिल्या की २००२चा निकाल किती पाळला गेला ते समजते.

अर्ज कोणी करायचा, इथे मात्र लीज आणि कर्ज यांतला फरक खरोखर बोचतो. कर्जाच्या गाडीची आरसी कर्जदाराच्या नावावर असते, त्यामुळे तोच अर्जदार. तो स्वतः आरोपी असला तरी नोंदणीकृत मालक म्हणून त्याला मागता येते. लीजच्या गाडीची आरसी लीज कंपनीच्या नावावर असेल तर कोर्ट तिच्या अधिकारपत्राशिवाय सहसा पुढे जात नाही. ते पत्र पुण्या-मुंबईच्या कार्यालयातून यायचे, आणि कंपनी ते देण्याआधी आपला करार उघडून पाहणार. अशा करारांत गाडीचा बेकायदा वापर हा बहुधा करारभंगच मानलेला असतो. मग कंपनी स्वतःच कोर्टात येऊन ताबा मागू शकते. हप्ते थकले असतील तर तिची बाजू आणखी भक्कम होते. 'बँक बघून घेईल' हे अशा वेळी अक्षरशः खरे ठरते, फक्त बोलणाऱ्याला अभिप्रेत होते तसे नव्हे.

हप्ता थांबतो, ही समजूत सगळ्यात महागात पडते. कर्जाचा करार पैशांचा असतो. गाडी कुठे उभी आहे याच्याशी हप्त्याला देणेघेणे नसते, आणि कर्जदाराच्याच गुन्ह्यामुळे गाडी अडकली असेल तर दिलासा मागण्याला आधारही उरत नाही. आठ लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे १७ हजार पडतो. गाडी तीन महिने ठाण्यात राहिली की ५१ हजार रुपये वापराविना गेले. पहिल्या गुन्ह्याच्या कमाल दंडाच्या हे पाचपट आहे. नोकरदाराची लीजची गाडी असेल तर पगारातली कपात चालूच राहते आणि तो बसने कामावर जातो. करार मध्येच मोडायचा म्हटले तर मुदतपूर्व समाप्तीचा आकार वेगळा. रिझर्व्ह बँकेने वसुली एजंटांच्या फोनवर सकाळी आठ ते संध्याकाळी सात अशी मर्यादा घातली आहे आणि दंडव्याजाऐवजी दंड-आकार लावण्याचा नियम आणला आहे. पण हे नियम वसुलीची रीत ठरवतात, देणे माफ करत नाहीत.

नगर जिल्ह्यात या साखळीला आणखी एक कडी आहे आणि बाहेरून लिहिणाऱ्यांच्या ती लक्षात येत नाही. हा सहकाराचा जिल्हा. प्रवरेचा साखर कारखाना इथला, आणि गावोगाव पतसंस्था. पतसंस्थेचे वाहनकर्ज जामीनदारांशिवाय होत नाही. जामीनदार म्हणजे चुलता, मेहुणा, शाळेतला सहकारी शिक्षक किंवा शेजारचा बांधकरी. १८७२च्या करार कायद्याच्या कलम १२८ नुसार जामीनदाराचे दायित्व कर्जदाराइतकेच असते. आधी कर्जदाराकडे जा आणि मग माझ्याकडे या, असे त्याला म्हणता येत नाही. हप्ते थकले की संस्था निबंधकाकडे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०च्या कलम १०१ खाली अर्ज करते. हा '१०१चा दाखला' हातात पडला की वसुली अधिकारी जमिनीकडे किंवा पगाराकडे वळतो. ढाब्यावर 'गाडी फायनान्सची आहे' म्हणणाऱ्याची गाडी प्रत्यक्षात त्याच्या मेहुण्याच्या सातबाऱ्यावर उभी असते. ज्याने दारूच्या थेंबाला स्पर्श केला नाही आणि ज्याचे नाव पोलिसांच्या कोणत्याही कागदावर नाही, त्या माणसाकडे मागणी येते. त्याला कोर्टात गाडी मागण्याचा हक्कही नसतो, कारण तो ना मालक, ना ताबेदार.

विम्याची बाजू याहून कोरडी आहे. वाहन विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत चालक नशेत असताना गाडीचे झालेले नुकसान वगळलेले असते. यावरचा ठळक निकाल एप्रिल २०२१ चा, इफ्को टोकियो विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस. डिसेंबर २००७ मध्ये दिल्लीत इंडिया गेटजवळ एका कंपनीच्या मालकीची पोर्शे अपघातात पूर्ण नष्ट झाली. श्वासचाचणी किंवा रक्तचाचणीचा आकडा नव्हता, म्हणून कंपनीने भरपाईचा आग्रह धरला. सर्वोच्च न्यायालयाने इतर पुराव्यांवरून नशा सिद्ध होऊ शकते असे सांगून विमा कंपनीच्या बाजूने निकाल दिला. मालक एक आणि चालवणारा दुसरा, हा बचाव इथेही चालला नाही. अपघातग्रस्त तिऱ्हाइतांचा प्रश्न वेगळा. २०१९च्या दुरुस्तीनंतर नशेत वाहन चालवणे हाही विमा कंपनीचा एक बचाव झाला आहे. कंपनीने आधी पीडितांना भरपाई देऊन मग ती वसूल करावी असा मार्ग न्यायालये काढतात, आणि वसुली होते ती 'मालका'कडून. तो मालक कोण, हे कलम २(३०) ने आधीच सांगून ठेवले आहे. भंगार झालेल्या गाडीचे उरलेले हप्ते, वर तिऱ्हाइताची भरपाई : दोन्ही एकाच दारात येऊन थांबतात.

दुसरे मत, सरकारजमा करण्याचे, जास्त गंभीरपणे घ्यायला हवे, कारण ते बढाईतून नाही तर दुःखातून येते. १९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेखाली दोन तरुण अभियंते गेले, तेव्हा ही मागणी महाराष्ट्रभर उठली. त्या गाडीची कायम नोंदणीसुद्धा १,७५८ रुपये शुल्क न भरल्याने अडकलेली होती. चालक अल्पवयीन असल्यामुळे तिथे कलम १९९अ लागू होत होते. हे मोटार वाहन कायद्यातले अतिशय कठोर कलम आहे : पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन नाही. गाडीबाबत ते काय म्हणते? नोंदणी बारा महिने रद्द. सरकारजमा नव्हे.

यावर एक उत्तर तयार असते : खटला संपल्यावर गुन्ह्यात वापरलेली मालमत्ता सरकारजमा करण्याचा सामान्य अधिकार कोर्टाला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९८ ने दिला आहे. अधिकार आहे, हे खरेच. पण तेच कलम मालमत्ता ताब्याचा हक्क असलेल्याला परत देण्याचाही मार्ग ठेवते, आणि बोजा असलेल्या गाडीत तिसऱ्याचा हक्क उघड दिसत असतो. ज्या कायद्याने गाड्या खरोखर सरकारजमा होतात, त्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्याकडे पाहिले की विधिमंडळाचा कल कळतो. तिथे बेकायदा दारू वाहणारे वाहन कलम ९८ खाली सरकारजमा होऊ शकते. पण कलम ९९ सांगते की गुन्हा होऊ नये म्हणून आपण पुरेशी काळजी घेतली होती, असे मालकाने कोर्टाला पटवून दिले तर वाहन सरकारजमा करता येणार नाही. पेटीभर दारू वाहणाऱ्या टेम्पोच्या मालकाला ही सवलत आणि नशेतल्या चालकाच्या मालकाला ती नाही, असा नियम कोणत्या न्यायाने करायचा?

ऊसवाहतुकीचे चित्र डोळ्यांपुढे आणले म्हणजे या मागणीचा परिणाम दिसतो. गळीत हंगामात रात्री दोन वाजता कारखान्याच्या वाटेवर ट्रॅक्टर चालवणारा मजूर पगारी असतो. ट्रॅक्टर दुसऱ्याचा, कर्ज बँकेचे, जामीन तिसऱ्याचा. तो नशेत सापडला आणि ट्रॅक्टर सरकारजमा झाला, तर मालकाचा हंगाम बुडाला, बँकेचे खाते थकीत झाले, जामीनदाराला नोटीस गेली. चालक मात्र आठवड्यात दुसऱ्या ट्रॅक्टरवर बसला. वाळूच्या टिपरांबाबत जिल्ह्याने ही गोष्ट पाहिलेली आहे. महसूल खाते जमीन महसूल संहितेखाली टिपर पकडते, तो तहसीलच्या आवारात उभा राहतो, हप्ते चढतात, आणि चालवणारा दुसऱ्या टिपरवर. बिहारने २०१६च्या दारूबंदी कायद्यात वाहने सरकारजमा करण्याची धडाकेबाज तरतूद केली. उच्च न्यायालयात अर्जांची रांग लागली, आणि २०२२च्या दुरुस्तीने दंड घेऊन वाहन सोडण्याची वाट काढावी लागली.

परदेशांचे दाखले देणारे अर्धेच वाचतात. डेन्मार्कने मार्च २०२१ पासून बेफाम चालवणाऱ्यांची गाडी सरकारजमा करण्याचा कायदा केला आणि लीजच्या गाड्याही त्यातून वगळल्या नाहीत, हे खरे. लीज कंपन्या तेव्हापासून ग्राहकाच्या मागे धावतात. पण दारूच्या बाबतीत तिथली ही मर्यादा भारतातल्या ३० मिलिग्रॅमच्या सहापटींहून वर आहे. इटलीत भारताच्या पाचपट प्रमाणावर गाडी सरकारजमा होते, मात्र ती निरपराध तिऱ्हाइताची असेल तर गाडी सोडतात आणि चालकाच्या लायसन-निलंबनाची मुदत दुप्पट करतात. पोलंडने मार्च २०२४ मध्ये लागू झालेल्या कायद्यात गाडी चालकाची एकट्याची नसेल तर तिच्या किमतीइतकी रक्कम त्याच्याकडून घेण्याची सोय केली. या दोन देशांनी तरी ओळखले की परक्याची गाडी घेऊन पिणाऱ्याला शिक्षा होत नाही.

भारतातही चालकापर्यंत पोहोचणारी वाट आहे, आणि तिच्याबद्दल ना ढाब्यावर बोलले जाते ना मोर्चात. कलम १८५ खाली दोषी ठरल्यावर किमान सहा महिने लायसन अपात्र करणे कलम २०(२) ने कोर्टावर बंधनकारक आहे. तिथे 'शकेल' नाही, 'करील' आहे. त्याआधीच, २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या कलम २०६(४) प्रमाणे पोलिसाने लायसन काढून घेऊन निलंबनासाठी परवाना अधिकाऱ्याकडे पाठवायचे असते. या जिल्ह्यात ते अहिल्यानगर किंवा श्रीरामपूरच्या परिवहन कार्यालयात जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच किमान तीन महिने निलंबनाचे निर्देश दिले होते. असे निलंबन झाले की चालक बँकेची, लीजची, मेहुण्याची, कोणतीच गाडी चालवू शकत नाही. तरीही चालवली, तर ते कलम ३ चे उल्लंघन होते, आणि कलम ३ हे कलम २०७ च्या यादीत आहे. दारूच्या रात्री पोलिसांकडे नसलेला गाडी अडकवण्याचा स्पष्ट अधिकार या दुसऱ्या रात्री पूर्णपणे त्यांचा असतो. अपात्र माणसाला किल्ली देणारा मालकही कलम ५ आणि १८० खाली सापडतो : तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही. या कलमांतला मालकही व्याख्येने तोच, लीजवर गाडी घेऊन ती दारात उभी करणारा.